माहेरचा कागद आणि कॉमेंट क्रमांक एक्केचाळीस

आमच्या विधी महाविद्यालयात एलएलएमचे प्रबंध वेळेवर पूर्ण होत नाहीत. किस्से मात्र कोणीही मार्गदर्शन न करता पूर्ण होतात. माझ्या प्रबंधाच्या वहीत शेवटची काही पाने संदर्भसूचीसाठी राखून ठेवली होती. ती आता खैरनार मॅडमच्या गोष्टींनी भरली आहेत. त्यांपैकी ज्या मी स्वतः पाहिल्या, किंवा ज्या किमान दोघांनी सारख्याच सांगितल्या, तेवढ्याच येथे देते आहे.

*

खैरनार मॅडम आम्हाला कौटुंबिक आणि मालमत्तेचा कायदा शिकवतात, माझ्या प्रबंधाच्या मार्गदर्शकही त्याच. फेसबुकवर त्या साध्या मराठीत कायदा समजावून सांगतात आणि खाली येणाऱ्या प्रत्येक कॉमेंटला उत्तर देतात. अडचण एवढीच, की मॅडमना छोटे उत्तर देता येत नाही.

एकदा सिन्नरच्या बसमध्ये शेजारच्या बाईंनी त्यांना ओळखले. "मॅडम, मला उतरायचंय. फक्त हो का नाय तेवढं सांगा. लेकीचा वाटा असतो का?"

"हो," मॅडम म्हणाल्या, "पण..."

बाई सिन्नरला उतरल्या तेव्हा मॅडम दुसऱ्या अपवादावर होत्या. कंडक्टरने घंटी मारता मारता विचारले, "मावशी, पुढचं ऐकायला परत तिकीट काढता का?"

*

आमच्या विभागातले गोसावी सर सोशल मीडियाच्या पूर्ण विरोधात. विद्वत्तेची जागा संशोधनपत्रिकेत, असे त्यांचे ठाम मत.

"मॅडम, जर्नलमध्ये लिहा. तिथं कोणी वाचत नाही, म्हणून तिथं भांडणं होत नाहीत."

"तुमच्या मागच्या लेखावर कोणीतरी आक्षेप घेतला होता ना, सर?"

"तो रिव्ह्यूअर होता. त्याला वाचावंच लागतं!"

काही दिवसांनी मॅडमच्या पोस्टखाली 'नागरिक एक' नावाचे खाते दिसू लागले. फोटोच्या जागी जास्वंद. कोणी मॅडमना वेडेवाकडे बोलले, की हा नागरिक धावून यायचा. भाषा इतकी शिस्तीची, की आम्हाला संशय येऊ लागला. मग एका भांडणात त्याने लिहिले, 'या विधानास आधार नाही. तळटीप ३ पाहावी.' आणि खाली खरोखर तीन तळटीपा दिल्या!

दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये मॅडमनी सरांपुढे चहा ठेवला. "घ्या, नागरिक."

सरांनी चहा घेतला. अधिक पुराव्याची गरज उरली नाही.

*

परीक्षेत एका मुलाने उत्तराच्या शेवटी संदर्भ दिला होता: 'फेसबुक, खैरनार मॅडम, कॉमेंट क्रमांक ४१.' गोसावी सर म्हणाले, शून्य द्या. मॅडमनी अर्धाच गुण कापला.

"संदर्भ फेसबुकचा आहे म्हणून?" मुलाने विचारले.

"नाही रे. बेचाळीसमध्ये मी एक्केचाळीसची चूक दुरुस्त केली होती. पुढचं वाचायचं कोणी?"

*

मग हक्कसोडीची पोस्ट आली. आमच्याकडे वडील गेल्यावर बहिणींनी शेतातला वाटा भावाच्या नावे सोडून द्यायचा, ही रीत. त्याच्या कागदाला हक्कसोडपत्र म्हणतात. सही करू नका, असे मॅडमनी कुठेही लिहिले नव्हते. हे मी पोस्ट चार वेळा वाचून सांगते आहे. त्यांनी लिहिले होते, 'सोडायचे असेल तर खुशाल सोडा, पण सहीआधी कागद स्वतः वाचा आणि एक प्रत मागून घ्या.'

दोन्ही बाजू चिडल्या. काहींनी लिहिले, बाई घरं फोडते आहे. काहींनी लिहिले, बाई भित्री आहे, स्पष्ट सांगत नाही. एकाने तर शिवीनेच सुरुवात केली. मॅडमचे उत्तर असे:

'आपल्या कॉमेंटचे दोन भाग आहेत. पहिल्या भागावर मला मत नाही. दुसऱ्या भागातला दाव्याच्या मुदतीचा प्रश्न रास्त आहे.' पुढे मुदतीवर तीन परिच्छेद.

त्या गृहस्थांचे उत्तर आले, 'सॉरी मॅडम. पहिला भाग काढून टाकतो. आत्याच्या बाबतीत काय होईल?'

*

याच पोस्टखाली घोटीच्या एका बाईंनी साधा प्रश्न विचारला. 'मॅडम, तुमच्या माहेरच्या कागदावर तुम्ही सही केली होती का?'

प्रत्येक कॉमेंटला उत्तर देणाऱ्या मॅडम तीन दिवस गप्प राहिल्या. वर्गात मुले एकमेकांना फोन दाखवत होती. मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणाले, "दुसऱ्याला शिकवायला काय जातंय!" मॅडमनी ते ऐकले. खडू ठेवला, पुन्हा उचलला, आणि शिकवणे पुढे चालू केले.

स्टाफरूममध्ये गोसावी सर हळू आवाजात म्हणाले, "उत्तर द्यायचं तुमच्यावर बंधन नाही. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे."

"हक्क आहे, सर. पण मग उद्यापासून मी बायकांना कागद वाचा म्हणून कोणत्या तोंडानं सांगू?"

"मग लिहून टाका."

"लिहिलं तर दादा वाचेल. आई-वडील दोघंही नाहीत. माहेर म्हणून मला तेवढा एक दादाच आहे."

दादा म्हणजे त्यांचे थोरले भाऊ. चांदवडजवळ त्यांची कांद्याची शेती आहे. लिहिले तर भाऊ तुटेल आणि न लिहिले तर आपलेच शिकवणे खोटे ठरेल, अशी ती कोंडी होती. या वेळी सरांनी स्वतः चहा आणून मॅडमपुढे ठेवला.

चौथ्या दिवशी मॅडमनी आयुष्यातले सर्वांत छोटे उत्तर लिहिले.

'हो. सही केली. तेव्हा माझे एलएलएम झाले होते. कागद चार पानांचा होता. मी फक्त सही कुठे करायची ते विचारले.'

'नागरिक एक'ने खाली फक्त नमस्काराचे चिन्ह टाकले.

दर रविवारी येणारा दादांचा फोन त्या रविवारी आला नाही. पुढच्या रविवारीही नाही. मॅडमनी केला, तर उचलला गेला नाही. माझ्या प्रबंधाच्या प्रकरणातल्या चुका त्या त्याच बारकाईने काढत होत्या. फक्त मध्येच एखादे पान दोनदा वाचायच्या.

*

शेवटचा प्रसंग मी स्वतः पाहिला. मी स्टाफरूममध्ये मॅडमकडून प्रकरण तपासून घेत होते, पलीकडच्या टेबलावर गोसावी सर होते. दारात पांढरा सदरा घातलेले, उंच, साठीतले गृहस्थ उभे राहिले. हातात प्लास्टिकची पिशवी.

"सुमन," ते म्हणाले.

मॅडम उभ्या राहिल्या. "दादा, बस ना."

"बसायला नाय आलो. आख्ख्या गावानं मोबाइलवर वाचलं. मला आधी सांगितलं असतंस तर?"

"काय सांगणार होते, दादा?"

"हेच. वाचला नव्हता म्हणून. मला वाटत होतं, शिकलेली पोर हाय, समजून-उमजून दिलं. लय अभिमानानं सांगत फिरलो मी लोकांना!"

गोसावी सर उठून बाहेर जाऊ लागले, तर दादाच म्हणाले, "बसा हो सर, आता काय झाकायचं ऱ्हायलंय." त्यांनी पिशवीतून घडी घातलेला जुना कागद काढून टेबलावर ठेवला. "तेव्हा नाय वाचलास ना? आता वाच."

मॅडमनी माझे प्रकरण बाजूला सरकवले आणि वाचायला सुरुवात केली. पहिल्या ओळीपासून. आम्हाला शिकवतात तसे, प्रत्येक ओळीखाली बोट धरून. दादा खुर्चीची पाठ धरून उभेच. तिसऱ्या पानावर बोट थांबले. मॅडम मागे गेल्या, जमिनीच्या गट क्रमांकांची यादी पुन्हा वाचली, मग तिसऱ्यांदा वाचली.

"दादा, विहीर ज्या गटात आहे, तो गट यात नाहीच."

"नाय कसा? सगळीच जमीन हाय त्यात."

"नाही. मी विहिरीवरचा हक्क सोडलेलाच नाही."

दादा खाली बसले.

मॅडमनी हळूच विचारले, "दादा, तू तरी हा कधी वाचला होतास का?"

दादांनी सदऱ्याचा खिसा चाचपला. मग दुसरा. "चष्मा घरी ऱ्हायला," ते म्हणाले.

मॅडमनी आपला चष्मा काढला, पदराने पुसला आणि कागदावर ठेवून तो कागद त्यांच्याकडे सरकवला.