गंगाक्काची खोली मी का बदलली

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही. तुम्हाला तरी का सांगतेय — कोण जाणे.

साठ सालच्या सुमाराला बंगळुरात, बनशंकरीच्या देवळाच्या वाटेवर, एकट्या पडलेल्या म्हाताऱ्या बायकांचा एक आश्रम होता. देखरेख माझ्याकडे. मी मूळची बेळगावकडची, आणि स्वभावानं पक्की संशयी. दोघी कुजबुजल्या की वाटायचं, माझ्याबद्दलच चाललंय.

गंगाक्का तिथली सर्वांत जुनी. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. पण भिंतीला हात लावत न्हाणीपर्यंत एकटी जायची, परत येऊन खिडकीशी बसायची. घराणं पिढ्यान् पिढ्या बंगळुरात राहिलेलं मराठी, बोलणं निम्मं कानडी. आणि ती मला बघून — बघून कसलं, माझ्या चपलांचा आवाज ऐकून — पुटपुटायला लागली, "कळ्ळी... कळ्ळी." कानडीत कळ्ळी म्हणजे चोरटी. कोठाराच्या किल्ल्या माझ्या कमरेला. आणखी काय हवं होतं मला? तिला सरळ विचारावं, असं एकदाही का वाटलं नाही?

मी तिला मागच्या खोलीत हलवलं. आश्रमाच्या वहीत लिहिलं — स्वतःच्या इच्छेने.

तिथे दार उलट्या बाजूला. न्हाणी समजून ती भिंतीवर आदळायची. दोनदा अंथरुणातच झालं, तेव्हा लाजेनं तिनं पाणी पिणं सोडलं. मग जेवण. "माझी खोली कुठं गेली गं?" एवढंच विचारायची. मला वाटलं, सोंग करतेय — हो, तेव्हाही!

आठव्या दिवशी मी चादर बदलत असताना तिनं माझा हात ओढून आपल्या कमरेवर ठेवला. "काय कळ ही, अक्का... कळ ही. स्वल्प दाब गं."

कळ ही. दुखत होतं तिला. साधं मराठी बोलत होती ती माझ्याशी, कारण मी मराठी होते.

त्याच दिवशी तिला परत नेता आलं असतं. जुनी खोली रिकामीच होती. पण मग आधी हलवलीच का, असं आश्रमाच्या कमिटीनं विचारलं असतं — आणि मी काय सांगणार होते? कंबर दाबून दिली आणि तिला तिथंच ठेवलं. भित्री होते मी, दुसरं काही नाही.

महिन्याभरात ती गेली. तिचा भाचा आला, त्या अंधाऱ्या खोलीत जरा वेळ उभा राहिला.

"अक्का, ही खोली मावशीनंच मागितली होती?"

"होय," मी म्हणाले.

"सरी, बरं झालं," तो हात जोडून म्हणाला. "तिचं ऐकणारं कुणीतरी होतं इथं."

मी मान डोलावली.