मिक्सरच्या जाहिरातीला भवानी

फोन नेहमी पालथा ठेवते. दुकानात वस्तू उलटी करून आधी तिची खालची बाजू बघते. नारळ कानाशी नेऊन हलवते, घ्यायचा नसला तरी. चहा निवल्यावर पिते. कुणी स्तुती केली की विषय बदलते.

ही कल्पिता. वेसाव्याच्या कोळीवाड्यात राहते. पार्ल्याच्या कॉलेजात आमची ओळख झाली. मी साहित्याला, ती वाणिज्याला.

नेटवर ‘मिक्सर’ शोधलं की वरती जाहिराती दिसतात. त्यातली एक कल्पिताची. ती दाबली की तिचं पान उघडतं. तिथून पुढे जाऊन कुणी मिक्सर घेतला, तर दुकान तिला कमिशन देतं. पण जाहिरात दाबणाऱ्या प्रत्येकामागे पैसे तिलाच भरावे लागतात, तो मिक्सर घेवो न घेवो.

गणपतीपर्यंत जमलं नाही तर अंधेरीच्या कॉल सेंटरात लागेन, असं तिने घरी कबूल केलं होतं. ती नोकरी वाईट नव्हती. तिला ती नको होती.

जाहिरात रोज दाबली जात होती. विकलं काहीच जात नव्हतं. एका दुपारी तिने मला लॅपटॉप दाखवला.

“हे बघ. रोज सकाळी, आणि सगळे वेसाव्यातलेच. इथे एवढे मिक्सर कोणाला हवेत यार?”

तिची आई, मंजुळाकाकी, शेजारी सुकवलेल्या कोलंबीचे सोडे निवडत बसल्या होत्या. पावसाळी बंदीमुळे होड्या वर ओढलेल्या होत्या, बाजार थंड होता.

“आम्हीच दाबतो गो,” काकी म्हणाल्या. “मी, चेतनामावशी, गल्लीतल्या सगळ्या. उठलो की पहिली तुझी भवानी करतो.”

भवानी म्हणजे दिवसाची पहिली विक्री. ती चांगल्या हाताने झाली की दिवस चांगला जातो, असं मासळीबाजारात मानतात.

कल्पिताने लॅपटॉप मिटला.

“आये, तुमच्या भवानीने माझी वाट लावली.”

“मग सांगायचंस ना. गिऱ्हाईक नुसता भाव विचारून गेलं तर कोळणीचे पैसे जातात काय? कसला हा उलटा बाजार?” काकींनी सोडे पाखडले. “आणि तुझं पान वाचलं मी. सगळेच मिक्सर झकास? मी सगळी पाटी ताजी म्हटलं, तर नेहमीची बाई उद्या येईल माझ्याकडे?”

कल्पिता हसली नाही. तिने जाहिरात वेसाव्यात दिसणार नाही अशी सोय केली. मग ओलं खोबरं, लसूण, मिरच्या घेऊन गल्लीत फिरली.

“भवानी करायचीय ना? तुमचा मिक्सर द्या.”

वाटी धरायला मी होते. घरोघरी वाटण झालं. ती चमच्याने चाखायची, भांड्याला हात लावून बघायची आणि लिहायची. हा खोबरं जाडसर ठेवतो. हा दुसऱ्या फेरीला तापतो. घरात माणसं जास्त असतील तर हा घेऊ नका.

मिक्सर दुरुस्ती शोधणाऱ्यांना तिने वगळलं. ओल्या खोबऱ्याचं वाटण बारीक करणारा मिक्सर कोणता, असं विचारणाऱ्यांनाच जाहिरात दाखवायची ठरवली.

पहिला मिक्सर चिपळूणला गेला. मग रत्नागिरीला, मग एक थेट नागपूरला. गणपतीच्या आधी तिने कॉल सेंटरला नकार कळवला. मी तिचं पान माझ्या बाबांना वाचून दाखवलं. त्यांनी ते पुन्हा वाचायला लावलं. “हिला ओळखतेस तू?” त्यांनी विचारलं. मी म्हटलं, वाटी मी धरली होती.

आता गल्लीतला एकच मिक्सर लिहायचा राहिलाय, चेतनामावशींचा. सुनेने पहिल्या पगारातून आणलेला. “माझा कधी लावतेस गो पानावर?” मावशी दारातून विचारतात. त्यात खोबरं बारीक होत नाही. कल्पिताने नाव टाकलंय, फोटो लावलाय. फोटोखालची जागा अजून रिकामी आहे.