दाखवायचं पोर

"एवढी मेहनत घेतली, अन् शेवटी म्हारडा तो म्हारडाच निघाला!"

हेडमास्तर हे सगळ्या शाळेदेखत बोलले. तालीम खात्याचे, म्हणजे शिक्षण खात्याचे साहेब तपासणीला येऊन खुर्चीवर बसलेले. मी त्यांच्यापुढं उभा. उर्दू किताबातला अख्खा धडा न बघता म्हणायचा होता. झोपेतून उठवलं असतं तरी म्हटला असता. पण दोन ओळी झाल्या अन् डोकं रिकामं झालं. मटकन खाली बसलो. पोरं हसली. साहेबांनी घड्याळ बघितलं.

अन् मला राग आला का? छे! वाटलं, गुन्हा केला आपण.

तेव्हा निजामाचं राज्य. धाराशिवच्या शाळेत सगळं शिकवणं उर्दूत, अन् आमच्या घरात उर्दूचा एक शब्द कुणाला येत नव्हता. तरी मी पहिला यायचो. म्हणून हेडमास्तरांनी मला त्यांच्या गोठ्यात राहायला जागा दिली. पहाटे शेण काढायचं, लाकडं फोडायची, मग शाळा, मग परत गोठा, मग पाठांतर. पाहुणा आला की मला हाक. "बघा, महाराचं पोर कसं फाडफाड बोलतंय!" दरवेशी अस्वल नाचवतो, तसं.

संध्याकाळी मैदानात पोरं हुतुतू खेळायची. एकदा मी नुसता बघत उभा राहिलो. हेडमास्तरांनी कान पिळला. "तुझी आई तिकडं उन्हात राबतीय. तिनं खेळायला पाठवलंय तुला?"

ते वाक्य काळजात रुतलं. माय गावी, बेंबळीला, लोकांच्या रानात रोजानं खुरपायची. मी जरा टेकलो की तिची वाकलेली पाठ दिसायची. हसू आलं तरी गिळायचो. डोळ्यांपुढं अंधारी यायची, तरी वाटायचं, आपण ऐतखाऊ. ज्या किताबांवर जीव होता, त्या उघडायलाच नको वाटायला लागलं. तेही पाप माझंच.

साहेब येऊन गेले, अन् त्याच आठवड्यात बाजाराला माय आली. फडक्यातली भाकरी सोडून पुढ्यात ठेवली. घास हातात धरूनच मी पेंगलो. तिनं गदागदा हलवलं.

"काय रं हे? तोंड कसं झालंय मढ्यावानी! खेळतो का न्हाय कधी?"

"खेळू कसं, माय? तू तिकडं राबतीस."

माय भडकली. "मी राबती म्हून तू मरावं व्हय? कुणी सांगितलं तुला? घरी तू हुंदडायचास, ते बघून माझा शिणवटा जायचा रं!" अन् तोंडाला पदर लावून रडायला लागली.

हातातला घास खाली ठेवला. मग पेटलो. माझ्या मायच्या तोंडी शब्द घालणारा हा हेडमास्तर कोण? तिला कधी विचारलं होतं यानं? तिला तर आपल्या ओट्यावर पाय ठेवू दिला नव्हता. तिचा घाम मला दाखवायचा अन् मला जुंपायचं. अन् मी मुकाट जुंपून घेतलं.

दुसऱ्या दिवशी मैदानात गेलो. हुतुतूत अंगाला अंग लागतं. पोरं मागं सरली. वर्गातल्या अत्ताराच्या पोरानं मात्र हात धरून ओढलं. "आ रे, क्या खडा है!" त्यानं मला पकडलं, मी त्याला पाडलं. किती दिवसांनी मोठ्यानं हसलो.

तेवढ्यात एक पोरगा पळत आला. "हेडमास्तर बोलावतायत. पाहुणे आलेत."

"सांग त्यांना, खेळतोय. येणार न्हाय."

मग हेडमास्तर स्वतः आला. "गोठा सोड. आत्ताच्या आत्ता."

सोडला. घोंगडं काखेत मारलं अन् महारवाड्यात लांबच्या मावशीकडं निघालो. वाटेत परत जावं, पाय धरावेत, असं दहादा वाटलं. मायच्या कष्टाची माती केली आपण, असं वाटलं. खरं सांगू? आज इतक्या वर्षांनी दुपारी घटकाभर आडवा झालो तरी अपराधी वाटतं. हेडमास्तरानं पेरलेलं ते, मुळासकट निघत न्हाय.

पण त्या रात्री मेल्यासारखा झोपलो. सकाळी शाळेत गेलो. हेडमास्तर दारातच उभा. "आता कशाला आलास?"

"शिकायला."

अन् आत जाऊन बसलो. बसल्या बसल्या ठरवलं. पोटभर झोपीन, खेळीन, अन् शिकीन. कुणाला दाखवायला न्हाय. अन् मायचं नाव घेऊन मला कुणी जुंपायला आला, तर त्याचं तोंड तिथल्या तिथं बंद करीन.