अर्ध्या एकराची वेलांटी

नोकरीला लागले तेव्हा माझं मराठी फार शुद्ध होतं. हा आजार मला कॉलेजात जडला. बी.ए.ला मराठी, त्यात पहिला वर्ग, त्यामुळे कोणी ‘पानी’ म्हणालं की माझ्या कपाळाला आठी. आज माझी नात मला हसते, म्हणते, आजी, तू तर ‘मले-तुले’ बोलतेस. बोलते बाई. ते शिकायला मला अर्धा एकर जमीन लागली, आणि ती जमीन माझी नव्हतीच.

चांद्याचा जिल्हा फोडून गडचिरोली वेगळा झाला, त्या सुमाराची गोष्ट. कुरखेड्याच्या अलीकडे एका गावी दुय्यम निबंधकाच्या कचेरीत मी कारकून झाले. लोक तिला नुसतं ‘रजिस्ट्री’ म्हणत. खरेदी, वाटणी, बक्षीसपत्र, कुठलाही कागद आला की साहेब सह्या-अंगठे घ्यायचे, आणि मग तो कागद शब्दाला शब्द जाड वहीत उतरवायचं काम माझं. मूळ कागद मालकाला परत. त्याला पुढे उंदीर लागो की वाळवी, वहीतली नकल कायम. शब्दाला शब्द, हे मला पहिल्या दिवशीच बजावलं होतं. मी मान हलवली होती. मान हलवण्यात मी हुशार होते.

कचेरीत दुसरे कारकून म्हणजे मोठे बाबू. तिथलेच मुसलमान, उर्दू शाळेत शिकलेले, पण मराठी अक्षर असं की वहीवर मोत्यांची माळ तुटून पडली म्हणावं. तोंडात कायम खर्रा, म्हणजे तंबाखूत घोटलेली सुपारी. सूची क्रमांक दोन, म्हणजे कोणती मिळकत कोणत्या पानावर आहे ते सांगणारी वही, त्यांच्याकडे. ते मला ‘बेटा’ म्हणायचे आणि मी मनातल्या मनात त्यांच्या ‘का’ऐवजीच्या ‘काऊन’ला लाल रेघ मारायची.

मी वऱ्हाडातली, कापसाच्या मुलखातली. धान मी ताटातच पाहिलेलं. कचेरीसमोरच्या कडुनिंबाखाली बसून दस्त लिहिणारे लोक इथल्या बोलीत लिहीत, आणि माझा जीव कासावीस होई. मग नकल उतरवताना मी हळूच एखादी वेलांटी सुधारायची, एखादा काना काढायची. कोणी सांगितलं होतं? कोणीच नाही. मराठी भाषेची अब्रू सांभाळायला सरकारनं मला पगार देऊन पाठवलंय, असं मला खरंच वाटत असे. आता आठवलं की स्वतःच्याच वेणीला एक झटका द्यावासा वाटतो, पण ती वेणीही राहिली नाही.

तीन वर्षं अशी सुखात गेली. मग जेठ महिन्यात एका दुपारी एक बाई आली. पन्नाशीची, पांढरं लुगडं, हातात कापडी पिशवी. दारातूनच म्हणाली, “जयभीम बाई. माया कागद पाहून देता का?”

तिचं म्हणणं सरळ होतं. नवरा गेल्यावर ती माहेरी आली. म्हाताऱ्या बापानं तिला बक्षीसपत्र करून दिलं आणि पुढच्याच वर्षी तो वारला. कागद पेटीत होता, तो वाळवीनं खाल्ला. आता भाऊ म्हणत होता, बापानं तुला फक्त बांध दिलाय.

“बांध?” मी विचारलं.

“हो ना बाई. त्यानं इथूनच नकल नेली. कोतवालानं वाचली. म्हणते, ‘बाई, तुया नावानं बांध हाय, शेत नाई.’ आता रोवणा तोंडावर आला. मी पऱ्हे टाकून ठेवले. भाऊ म्हणते, तुले बांधावर तूर लावाची त लाव, खाली पाय ठेवू नको.”

रोवणा म्हणजे धानाची रोपं उपटून चिखलात लावायची, आणि पऱ्हे म्हणजे तीच रोपं, एवढं मला एव्हाना कळत होतं. पंधरा-वीस दिवसांत तिचे पऱ्हे जमिनीत गेले नाहीत तर वर्ष वाया, आणि भावानं तिथं एकदा रोवणा केला की पुढं कोण ऐकतं?

मी शोधाचा अर्ज घेतला आणि वर्षाचा अंदाज धरून वही काढली. पान सापडलं. अक्षर माझंच होतं. वळणदार, शिरोरेघ सरळ, पहिल्या वर्गाचं. लिहिलं होतं: ‘माझ्या मालकीचा एक बांध’.

मला तो दिवस आठवला. मूळ कागदावर ‘बांधी’ होतं. मी हसले होते. बांधला वेलांटी कशाला, म्हणून ती काढून टाकली होती, आणि मागचं ‘मालकीची’सुद्धा ‘मालकीचा’ करून व्याकरण जुळवलं होतं. नीट, मन लावून. निष्काळजीपणे चुकले असते तर निदान लिंग तरी चुकलेलं राहिलं असतं, आणि कोणाला तरी शंका आली असती.

“बाबू,” मी हळू आवाजात विचारलं, “बांधी म्हणजे काय?”

मोठ्या बाबूंनी खर्रा एका गालातून दुसऱ्या गालात नेला. “बेटा, तीन साल झाले तुले इथी भात खाऊन. चारी बाजूनं बांध घालून जे धानाचं शेत बनवते ना, त्या एका तुकड्याले बांधी म्हणते. काऊन?”

मी वही त्यांच्याकडे सरकवली. त्यांनी वाचलं. मग माझ्याकडे पाहिलं. मग बाहेर बाकावर बसलेल्या त्या बाईकडे.

खरं सांगते, त्या क्षणी पान उलटावं असं मला वाटलं. ‘नकल बरोबर आहे’ एवढं म्हटलं असतं तर पुढं कोणी काही विचारलं नसतं. मूळ कागद वाळवीच्या पोटात. चूक फक्त मला ठाऊक. पण बाबूंनी वही धरून ठेवली होती, आणि त्यांच्या हातातून ओढून घ्यायला मी काही इतकी शूर नव्हते. सचोटी कधीकधी अशीही येते, दुसऱ्याच्या पंजातून.

“पण रुजुवात तुम्हीच केली होती ना?” मी शेवटची धडपड केली. नकल झाली की एकानं वाचायचं आणि दुसऱ्यानं मूळ कागद समोर धरून ऐकायचं, तिला रुजुवात म्हणतात. खाली बाबूंची सही होती.

“केली ना. तू ‘बांध’ वाचलं. मी समजलो, बेटा थकली, वेलांट्या गिळून राह्यली. जेवाची वेळ होती.”

मग ते उठले आणि आपली सूची घेऊन आले. बोट फिरवत फिरवत थांबले. त्यांच्या मोत्यांसारख्या अक्षरात तिथं होतं: ‘धानाची बांधी, एक’. मूळ कागद समोर ठेवून लिहिलेलं, माझ्या सुधारणेच्या आधी. पहिला वर्ग माझा, आणि शब्द शाबूत ठेवला उर्दू शाळेनं.

साहेबांनी सगळं ऐकलं आणि चष्मा पुसला. म्हणाले, मूळ कागद नाही तेव्हा सूची एकटी पुरणार नाही, भाऊ येऊन दुरुस्तीच्या लेखावर सही देत असेल तर आजच काम होतं. नाहीतर मग कोर्ट.

बाहेर जाऊन मी त्या बाईला सांगितलं. चूक कोणाची तेही सांगितलं. तिनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. “तूच लिवलं?”

“हो.”

“किती शिकली?”

“बी.ए.”

“तरीच,” ती म्हणाली, आणि भावाला आणायला गेली.

दोन दिवसांनी भाऊ आला. मला वाटलं होतं तसा तो दांडगा वगैरे नव्हता. मऊ आवाजाचा, हट्टी माणूस, नकल घडी घालून खिशात. “कागदात हाय ते हाय,” एवढंच म्हणत होता. “मी काई लिवलं का? सरकारनं लिवलं.” सरकार खाली मान घालून शाई भरत होतं.

मोठ्या बाबूंनी त्याला खुर्ची दिली, खर्रा दिला, आणि म्हणाले, “भाऊ, एकच शब्द वाचला तुमी. पुढची ओळ वाचू का?” आणि त्यांनी वाचली. क्षेत्र अर्धा एकर. पूर्वेस पांदण, पश्चिमेस बोडी, उत्तरेस व दक्षिणेस आमचीच जमीन.

“अर्ध्या एकराचा बांध,” बाबू म्हणाले. “तुमच्या बावाले त्यावरून रेल्वे न्याची होती काय?”

बहीण आधी हसली. भावानं हसू दाबायचा प्रयत्न केला, पण खर्रा तोंडात असताना ते जमत नाही. ठसका लागला. मीच पाणी आणून दिलं.

“बावानं बांधीच देल्ली होती,” तो डोळे पुसत म्हणाला. “मले काय मालूम नाई का? पण मले न इचारता देल्ली ना त्यानं. तेच लागलं.”

“मंग मले बोलाचं होतं,” बहीण म्हणाली. “बांधाले काऊन पकडून बसला?”

त्यानं सही केली. मी समासात लाल शाईनं लिहिलं, ‘ओळ बारावीत “मालकीचा एक बांध” ऐवजी “मालकीची एक बांधी” वाचावे’, आणि खाली माझी सही. त्यानंतर बाबूंनी मला माझ्याच तीन वर्षांच्या सगळ्या नकला परत वाचायला बसवलं. एका दस्तात बोडीची बोरी केलेली निघाली, म्हणजे एका माणसाच्या शेताच्या शेजारचं तळं आटवून मी तिथं बोराचं झाड लावलं होतं. त्याचा मूळ कागद सुदैवानं शाबूत होता.

मला वाटलं, सुटले. पण रोवण्याच्या आदल्या दिवशी ती बाई कचेरीत हजर. “रविवार हाय उद्या. येजो.” बोलावणं नव्हतं ते, समन्स होतं. मी नायलॉनची साडी आणि नवी चप्पल घालून गेले. भाऊ नांगर सोडून बांधावर बसला होता. बाया रांगेत वाकून रोवत होत्या, तिनं मला हाताला धरून खाली उतरवलं आणि मी गुडघ्यापर्यंत आत गेले.

“सांग बाई, आता कुठी उभी हायेस?”

“बांधीत.”

“जोरानं सांग, माया भावाले आयकू जाऊ दे.”

“बांधीत!” मी ओरडले. सगळ्या बाया खिदळल्या. चप्पल बांधावर काढून ठेवायची असते हे कोणी सांगितलं नव्हतं. एक वर आली, दुसरी आली नाही. घरी मी अनवाणी गेले, सबंध रस्ता बांधावरून.

माघात ती पुन्हा आली, पिशवी घेऊन. मला वाटलं, नवे तांदूळ असतील. मी नको नको म्हणायची तयारीही केली होती. पिशवीत तुरीच्या हिरव्या शेंगा होत्या.

“धान माया,” ती म्हणाली, “ही बांधावरची. बांध त तुयाच हाय ना, बाई.”