शेवटच्या कडव्याआधी

आमच्या थोरल्या दिरांचा आवाज असा, की कुंभिवलीला गायला उभे राहिले तर खालापुरातल्या माणसानं कान टवकारावेत. दीक्षा घेतली त्या सालापासून त्यांची गायन पार्टी होती. जयंती असो, लग्न असो, बारसं असो, नेरळपर्यंतची बोलावणी यायची. आणि त्यांच्या डाव्या खांद्याला चिकटून कोरस धरायला त्यांचा धाकटा भाऊ. म्हणजे आमचे हे.

ह्यांचा आवाज काही मोठा नव्हता, खोटं कशाला सांगू? पण प्रत्येक गाण्यात शेवटच्या कडव्याआधी थोरले मान डावीकडं वळवून थांबायचे. मग हे कानावर हात ठेवून हाक द्यायचे, "घे रं दादा!" त्यावर ढोलकीची थाप पडायची आणि थोरले असे काही उचलायचे, की बायाबापड्या पदर डोळ्यांना लावत. हाक आल्याशिवाय मात्र ते पुढं जायचे नाहीत. जन्माची सवयच ती.

हे काविळीनं गेले तेव्हा पोरगी पाळण्यात होती. झाडपाला झाला, कर्जतचा डॉक्टर झाला, बघता बघता माणूस हातातून गेला. मागं फोटो एकच, तोही सगळ्या पार्टीचा, आणि त्यात ह्यांचं तोंड माइकनं झाकलेलं. आवाज तर कुठंच नाही. आमच्या वस्तीत टेप होता कुणाकडं तेव्हा? मला रात्रंदिवस एकच गोष्ट खायची, की ही पोर आपल्या बापाला ओळखणार कशावरून?

पार्टी तिथंच मोडली. थोरले पुन्हा उभे राहिले नाहीत. पोरगी चालायला-बोलायला लागली, आणि मग एक दिवस मुंबईचा कॅसेटवाला आला. त्याला पार्टी नको होती, एकटे थोरले हवे होते. कव्हरवरही त्यांचाच फोटो. साथीला त्यानं पाहुणे ठरवलेले. परळची एक कव्वाली गाणारी बाई, आणि कर्जतच्या रेल्वे चाळीतला एक झिपऱ्या वाढवलेला पोरगा, इलेक्ट्रिक गिटार वाजवणारा. "आता असलंच चालतं, काका," कॅसेटवाला म्हणे.

मी थोरल्यांना दारातच गाठलं. "भावजी, गिटार वाजवा नायतर तोफा वाजवा. पन ह्यांची हाक दुसऱ्या कुनाच्या तोंडी घातलीत, तर माझ्या दारात पाय ठेवू नका."

ते खाली बघून म्हणाले, "नाय घालनार गं बाय."

रेकॉर्डिंग झालं खालापुरात, शाळेच्या एका खोलीत. रस्त्यावरचे ट्रक ऐकू येऊ नयेत म्हणून खिडक्यांवर आमच्या वस्तीतल्या गोधड्या टांगल्या. आवाज येतो म्हणून पंखाही बंद. उकाड्यानं जीव नकोसा झालेला. मी भाकऱ्या घेऊन गेले होते, ती कोपऱ्यात बसून राहिले. खरं तर राखणीलाच बसले होते.

गाणं होतं आईच्या पाण्याच्या हंड्याचं, दोघा भावांनी जुळवलेलं. परळची बाई गोड गायली, मानलं पाहिजे. गिटारवालाही बरा होता मेला. शेवटचं कडवं आलं. थोरल्यांनी मान डावीकडं वळवली आणि थांबले. ढोलकीवाला पार्टीतलाच, जुना. त्याचाही हात हवेत तसाच.

"काय झालं? परत घ्या," मशीनवाला ओरडला.

परत घेतलं. परत तेच. थोरल्यांच्या डावीकडं नुसती भिंत होती, पण ते तिकडं असे बघत होते, जणू तिथं कुणी उभं आहे. मीसुद्धा तिकडंच बघायला लागले.

ती बाई हळूच म्हणाली, "मी देऊ का हाक?" सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं.

"नाय," मी म्हटलं.

पुन्हा सुरू झालं. ह्या खेपेला थोरले थांबले, हाकेला लागायचा तेवढाच वेळ थांबले, आणि मग ऐकू आल्यासारखी मान हलवली. ढोलकी पडली आणि ते गायले. आई गं, काय गायले! मी तोंडात पदर कोंबून रडले. मशीनवाला मधली गप्प जागा काढायची म्हणत होता. थोरले म्हणाले, "ऱ्हाऊ दे तशीच."

कॅसेट घरी आली, थोरल्यांनी घेतलेला टेपही आला. पोरीनं विचारलं, "आये, हितं गानं का थांबतं?"

"हितं तुझा बाबा हाय," मी बोलून गेले. वेडेपणाच, पण बोलून गेले खरी. त्यानंतर ती जागा आली की पोर टेपला कान लावून बसायची. हसायची. "आला," म्हणायची. मला भीती वाटायची आणि बरंही वाटायचं.

थोरलेही गेले त्यानंतर. कॅसेट झिजून झिजून एक दिवस आतली पट्टी तुटली, ती काही जोडता येईना. कर्जत स्टेशनाबाहेरच्या दुकानातून नवीन आणली. फोटो तोच, गाणी तीच. पण शेवटच्या कडव्याआधी गिटार वाजली.

पोर माझ्याकडं बघतच राहिली. "आये, ह्यात बाबा नाय."

मी तशीच उठून दुकानात गेले. दुकानदार कौतुकानं म्हणाला, "मावशी, मधेच आवाज जातो म्हणून गिऱ्हाइकं कॅसेट परत आणायची. आता कंपनीनं कशी छान भरून काढलीय!" छान कसलं, डोंबल! मी पाठ फिरवून घरी आले.

पुढं एकदा चुलीपाशी होते. आत तेच गाणं चाललेलं. मधेच बंद पडलं. ही कॅसेटही खाल्ली वाटतं टेपनं, म्हणून मी चिडून आत गेले. पोर टेपसमोर बसलेली, बोट थांबवायच्या बटणावर दाबून धरलेलं.

"आये," ती माझ्याकडं न बघता म्हणाली, "बाबा येवढाच वेळ घ्यायचा ना?"

ह्यांची हाक मी कुणाला देऊ दिली नव्हती. स्वतःही कधी तोंडातून काढली नव्हती. माझा हात आपोआप कानावर गेला.

"घे रं दादा!"

पोरीनं बोट उचललं. गिटार वाजली, ढोलकी पडली, आणि थोरल्यांनी कडवं उचललं.