केजच्या पुढची विहीर

लातूरच्या बसस्थानकावर बीडकडे जाणारी एसटी सकाळी लागली आणि मी खिडकीची जागा धरली. घरी सांगून निघालो होतो की अंबाजोगाईला देवीच्या दर्शनाला जातो. ते खोटे नव्हते, पण अर्धेच होते. मला जायचे होते त्याच्या पुढे, केजच्याही पुढे, एका विहिरीवर. तिचे पाणी विषारी आहे असे तिथल्या लोकांना मी सांगितले होते. तेव्हा मी पंचविशीत होतो, आता पंचाहत्तरीला टेकलो आहे.

निमित्त झाले सुनेच्या मोबाईलचे. त्यावर एक व्हिडिओ चालू होता. विहिरीचा काठ दिसला आणि मी ओळखला. खाली लिहिले होते, ‘इथे पडले परग्रहावरचे यान. सरकारने काय लपवले?’ यानाचे मला हसू आले. पण व्हिडिओतला माणूस तिथल्या एका बाईशी बोलून पुढे म्हणाला की गावातले कोणी अजून हे पाणी तोंडाला लावत नाही. त्यानंतर जेवण गेले नाही. बीड जिल्ह्यात पाण्याची एक विहीर माझ्या एका वाक्याने बंद पडून राहिली असेल, तर ते वाक्य मीच जाऊन परत घ्यायला हवे होते.

ते वाक्य कसे बोललो ते गाडी घाट चढेपर्यंत सांगून टाकतो. मी एका संस्थेत नोकरीला होतो. हवेच्या वरच्या थरांचा अभ्यास करायला आम्ही प्रचंड फुगे सोडत असू. फुग्याखाली यंत्रांची पेटी टांगलेली असे. काम झाले की पेटी हवाई छत्रीने खाली यायची आणि ती पडेल तिथून उचलून आणायला आमची जीप धावायची. त्या हिवाळ्यात पेटी पडली ती केजच्या पुढच्या एका शेतात, आणि तिच्यातला एक सीलबंद डबा तुटून विहिरीत गेला. गावातली कर्ती माणसे कोयते घेऊन ऊसतोडीला गेलेली. जमल्या त्या बायका, म्हातारी माणसे, लेकरे. कोणी छत्रीचे कापड कापू लागले, दोघेतिघे विहिरीत उतरायला निघाले. आमचे साहेब निरोप द्यायला केजला गेले होते. मागे राहिलेल्या पथकात मराठी बोलणारा मी एकटा. मी ओरडून सांगितले, “हे वरून आलेले आहे. पाणी विषारी झाले आहे, पिईल त्याचे आतडे जळेल. आणि याबद्दल कुठे बोलायचे नाही, सरकारचा हुकूम आहे.” लोक मागे सरले. दुसऱ्या दिवशी डबा निघाला, तो साधा हवेचा दाब मोजणारा डबा होता. साहेबांनी बंदोबस्ताबद्दल पाठ थोपटली. काय बोलून बंदोबस्त केला, हे त्यांना कधी कळले नाही. जीप निघताना ‘पाणी चांगले आहे’ एवढे सांगायचे होते. ते मी सांगितले नाही, कारण मग साहेबांसमोर सगळेच सांगावे लागले असते.

तर सरकारने लपवले म्हणतात ते एवढेच. सरकारलाही ते ठाऊक नव्हते.

अंबाजोगाईला उतरून देवीचे दर्शन घेतले, म्हणजे घरी सांगितलेलेही खरे झाले. देवळाबाहेर गरम भजी आणि बशीतून चहा. पुढे केजपर्यंत दोन्ही बाजूंना ज्वारी कणसात आलेली होती आणि काळ्या रानावर ऊन मऊ पडले होते. उसाचे ट्रॅक्टर मात्र ऊन-सावली न बघता रस्ता अडवून चालले होते. केजला तहसील कचेरीच्या पुढे धारूरच्या बाजूला जाणारी जीप भरत होती. मला मागच्या आडव्या बाकावर जागा मिळाली आणि माझ्या पायावर सरकीच्या पेंडीच्या पोत्याला.

“कुनाकडं जायचं, आबा?” चालकाने आरशातून विचारले. त्याचे नाव बाळू.

“एक विहीर आहे म्हणे. यान पडले होते ती.”

“तबकडीची हीर,” शेजारचा पटकेवाला म्हातारा म्हणाला. “बाळू, तिकीट लाव बे आता. लई लांबून लोक यायलेत.”

समोरचा एक जण सांगू लागला, “सरकारनं रातोरात उचलून नेलती. तिच्यातलंच सामान काढून हे मोबाईल बनिवले म्हनत्यात.”

“मग आपल्या गावात रेंज कावून (का) न्हाई?” पटकेवाला म्हणाला. “पडली तर आपल्याच रानात.”

जीपभर हसू झाले. मीही हसलो आणि तेवढ्यात धीर करून म्हणालो, “ते फुग्याखालचे यंत्र होते. मला माहीत आहे, मी त्या कामावर होतो.”

हसणे थांबले. बाळूने पुन्हा आरशात पाहिले. “म्हंजे तुमी सरकारी?”

“होतो.”

“मग तुमी हेच म्हननार की.”

पटकेवाल्याने माझ्या गुडघ्यावर थोपटले. “कबूल करू नका, आबा. पेन्शन बंद व्हईल.”

मी निघताना माफीची तयारी केली होती. शिव्या खायचीही केली होती. आपल्यावर कोणी विश्वासच ठेवणार नाही, हे मनात आले नव्हते.

फाट्यावर उतरलो तेव्हा पोत्याखालचा पाय बधिर झाला होता. पहिल्याच पावलाला चपलेचा अंगठा तुटला. एक चप्पल हातात घेऊन गावातून गेलो. बरीच घरे कुलूपबंद होती, टोळ्या (ऊसतोडीला जाणारे मजूर) कारखान्यांवर गेलेल्या. उंबऱ्यावर बसलेल्या एका आजीने विहिरीची वाट दाखवली आणि पदर तोंडाला लावला.

विहीर तशीच होती. दगडी बांधणी, एका बाजूला लिंब. आत डोकावलो तर पाणी बरेच वर होते. रहाटाला नवा दोर होता, आणि तो ओला होता.

“माघारी सरा,” मागून आवाज आला. “पानी इखारी हाय. पिईल त्याचं आतडं जळंल.”

माझेच वाक्य. ते म्हणणारी बाई साठीच्या पुढची, हातात विळा, कमरेला पदर खोचलेला. व्हिडिओत हीच बोलली होती. तिला इथे मी गयाबाई म्हणतो.

मी चप्पल खाली ठेवली आणि सगळे सांगितले. फुगा, डबा, साहेब, माझे ओरडणे. ती विहिरीलगतच्या ज्वारीची कणसे खुडत राहिली. संपल्यावर म्हणाली, “तवा मिशा व्हत्या तुमाला.”

माझा हात वरच्या ओठाकडे गेला.

“मी नवी नवरी व्हते. सासूच्या मागं उभी. डोईवरून पदर ओढला व्हता, पर दिसत व्हतं सगळं. तवा सरकारचं मानूस म्हनून बोललात. आता कुनाचं मानूस म्हनून बोलाय आलात?”

“कोणाचाच नाही.”

“बसा मंग.”

तिने आगटी (हुरडा भाजायचा गोवऱ्यांचा विस्तव) पेटवली. कणसे भाजून तळहातावर चोळली, फुंकर मारली आणि हिरवा हुरडा माझ्यापुढे टाकला. बरोबर गूळ आणि शेंगदाण्याची चटणी. चटणी इतकी तिखट की डोळ्यांत पाणी आले. तिने तांब्या पुढे केला, मी अर्धा संपवला. मग विचारले, हे पाणी कुठले.

तिने हनुवटीने विहीर दाखवली.

“सासूनं लई दिस नदीतल्या झऱ्याचं पानी वाह्यलं,” ती सांगू लागली. “हे असलं भरलेलं पानी दाराम्होरं, आन् ती उन्हातान्हाची जायची. तिची पाट तिथंच वाकली. एक साल शेरडं सुटली, दावं तोडून हितं येऊन ढसाढसा पिली. आमी सांजपतुर बघत बसलो, आता मरतील, मग मरतील. काय बी झालं न्हाई. मग सासू म्हनली, माजं तरी काय राह्यलंय, आन् पिली. तिला बी काय झालं न्हाई.”

“मग गावाला सांगितले नाही?”

“तिनं तोंडावर हात ठिवला माज्या. भावकीतला (चुलत घराण्यातला) एक पुढारी हाय. ओढ्याच्या काठच्या सगळ्या हिरींवर त्याच्या मोटारी. उन्हाळा आला की त्या समद्या कोरड्या ठन. ह्या हिरीत बी त्यो वाटा सांगतो. पर मोटार टाकाय मानूस तयार न्हाई व्हत. भितेत.” ती विस्तव सारखा करू लागली. “माजे शेरडं, कांदा, वैरन, समदं हिच्यावर. लोक म्हनत्यात, गयीला इख पचलं.”

“आणि तो व्हिडिओ?”

“मीच सांगितलं त्या पोराला, राती पानी निळं दिसतंय म्हनून. चार लोकं जास्ती भ्याली तर बरंच हाय की.”

मी म्हणालो, मी ग्रामपंचायतीत जाऊन खरे काय ते सांगायला आलो आहे, मनावर ओझे आहे. तिने पहिल्यांदा हातातले काम थांबवले.

“सायब, तुमचं वझं तुमी हितं उतरवून जाल. उद्या मोटार बसंल. मी काय करू?”

मी हात जोडून माफी मागितली.

“माफी सासूला मागायची,” ती म्हणाली. “ती आता न्हाई. मला कावून मागता? मी फायद्यात हाय.” मग पुन्हा कणीस चोळत, “लिव्हायचं तर लिव्हा. हितं कोन वाचतंय. पर गाव कुनाला सापडू देऊ नका. एवढं करा.”

निघताना तिने तुटलेल्या चपलेला सुतळी बांधून दिली आणि हुरड्याची पुडी हातात ठेवली.

फाट्यावर परतीला बाळूचीच जीप मिळाली. तोच पटकेवाला म्हातारा आत होता.

“काय आबा, बघितली हीर?” बाळूने विचारले. “पानी पिलं का?”

सगळे माझ्याकडे पाहत होते. खरे सांगायलाच मी लातूरहून निघालो होतो, आणि आता विचारणारेही समोर होते. तोंडात अजून चटणीचा जाळ आणि त्या पाण्याची गोडी होती.

“नाही बाबा,” मी म्हणालो. “कोण पिणार ते.”

“सकाळी तर फुगा म्हनत व्हता.”

“वय झाले. बोलतो काहीतरी.”

पटकेवाल्याने मान डोलावली. “वाचली पेन्शन.”

अंबाजोगाईचा घाट उतरताना पुडीतला हुरडा खात होतो. पहिल्या वेळी माझे वाक्य लोकांना पाण्यापासून दूर ठेवायला होते आणि त्यात माझी सोय होती. या वेळी ते एका बाईच्या पाण्यासाठी होते. दोन्ही वेळा खोटेच बोललो, हेही खरे. पहिल्याची माफी ज्या म्हातारीकडे मागायची होती, ती गेली. तेवढे ओझे परत घेऊन आलो आहे आणि ते माझ्याजवळच राहील.

घरी विचारले, दर्शन झाले का. झाले, म्हणालो.

केजहून जीप ज्या बाजूला गेली असे मी वर लिहिले आहे, त्या बाजूला ती गेली नव्हती. लिंबाचे झाडही तिथे नाही. बाकीचे जसे घडले तसे लिहिले आहे.