दोन नंबरचा सिद्धू

"चाकाला खोटं फिरता येत न्हाय." शेळगावचा सिद्धू दुधाच्या किटल्या सायकलला अडकवताना हे म्हणायचा, उतरवतानाही म्हणायचा. बायको तानूबाई करवादायची, "पुरं करा. म्हशीलासुद्धा पाठ झालंय आता."

दारोदार दूध घालूनच त्याचे पाय तयार झाले. बारामती ते इंदापूर सायकलींची शर्यत दरसाल व्हायची. एक्याण्णवपासून सात वर्षं सिद्धू त्याच काळ्या सायकलीवर, नुसतं कॅरेज काढून, शर्यतीत उतरला आणि पाच वेळा दुसरा आला. पहिला दरवेळी शहरातला कुणी नवा, बारीक टायरच्या सायकलीवाला. त्याचं नाव लोक आठ दिवसांत विसरून जात. चौऱ्याण्णव साली निमगावच्या वळणावर पुढच्या गड्याची चेन पडली. सिद्धू थांबला, चेन बसवून दिली, आणि पुन्हा त्याच्याच मागून दुसरा आला. लोकांनी पहिल्याला सोडलं आणि काळ्या हातांच्या सिद्धूला खांद्यावर घेतलं. तेव्हापासून त्याचं नाव पडलं 'दोन नंबर'. कुणीही रस्त्यात "ओ दोन नंबर" म्हणावं आणि त्यानं घंटी वाजवावी.

अठ्ठ्याण्णवला गुडघा धरला, त्यानं शर्यत सोडली. शर्यत भरवणाऱ्या मंडळानं इंदापुरात, त्या सालची शर्यत संपली तिथंच, त्याचा सत्कार ठेवला. तानूबाई नवं लुगडं नेसून पुढं बसली. शेजारी रंगूबाई, जिचा नातू सिद्धूच्या दुधावर वाढला. मंचावर कापडी फलक होता : 'दोन नंबरचे राजे, दूधवाले सिद्धूभाऊ'.

पाहुणे बाहेरगावचे साहेब. त्यांनी फलक वाचला, माइक ओढला.

"दूधवाले, आणि दोन नंबरचे राजे? मग राजे, लिटरला पाणी किती घालता?"

मांडव खदखदून हसला. रंगूबाईसुद्धा हसली. तानूबाईच्या अंगाची लाही झाली. पहाटे उठून धार काढणारी ती. घरात आलेल्या पाहुण्याला कोरा चहा दिला, पण किटलीत कधी पेलाभर पाणी पडू दिलं नव्हतं.

फलक रंगवून घेणारा मंडळाचा कुंडलिकच निवेदन करत होता. शर्यतीतला दुसरा नंबर, एवढं त्यानं सांगितलं असतं तर भागलं असतं. पण साहेबाची चूक साहेबाला कोण दाखवणार? तोही हसला.

सिद्धूनं डोक्याकडं आलेला फेटा हातानं अडवला.

"कुंडलिकराव, सायबांना सांगा. दुसरा येगळा, दोन नंबरचा येगळा."

"भाऊ, लोकं मायेनं म्हणत्यात."

"मायेनं म्हणत हुते तवर घंटी वाजवली म्या. आज तुमी दुधाला हात घातला. ते दोन शब्द पुसा, मंग बांधा फेटा."

"मागनं पुसू की. सायबांना घाई हाय."

"मंग सायबांनाच बांधा."

तो मंचावरून उतरला. सत्काराचा म्हणून ओटीत घातलेला नारळ तानूबाईनं उचलला आणि कुंडलिकच्या पुढ्यात ठेवला. "ह्यो बी एक नंबरच्या माणसाला द्या," ती म्हणाली.

सिद्धू सायकलवर बसला नाही. ती हातात धरून, दुखरा पाय ओढत, शेळगावच्या रस्त्याला लागला. त्या सालचा पहिला आलेला गडी ढाल घेऊन मंचावर उभा होता. त्याच्याकडं कुणाचं ध्यान नव्हतं. सगळा मांडव सिद्धूच्या पाठीकडं बघत होता. कुणीतरी सवयीनं "ओ दोन..." म्हणालं आणि गप झालं. घंटी वाजली नाही. रंगूबाई तोंडाला पदर लावून बघत राहिली, आणि तानूबाई तिच्याकडं.